'मूळ' गाडीचा पाठ : एमजीबी मोटारीच्या घरगुती जीर्णोद्धाराविषयीच्या चार ग्रंथांची चिकित्सा

बीजशब्द : दुरुस्ती-पुस्तिका, जीर्णोद्धार, फेरफार, मूलत्व, पाठचिकित्सा

प्रास्ताविक

यंत्रदुरुस्तीच्या पुस्तकांकडे समीक्षेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. या लेखनाला शैली नसते, दृष्टिकोन नसतो आणि त्याचे प्रयोजन बोल्ट सैल होताच संपते, असा एक समज त्यामागे असावा. वस्तुतः मोटार ही वाचनाची वस्तू होऊ शकते, हे रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहातील सित्रोएन डीएस या गाडीवरील निबंधाने दाखवून दिले आहे. त्या गाडीचा गुळगुळीतपणा, तिचे सांधे डोळ्यांना न खुपणे, हे बार्थ यांना विशेष अर्थपूर्ण वाटले होते, कारण सांधा दिसला की जोडणारा माणूस दिसतो. परंतु बार्थ यांनी वाचली ती प्रदर्शनातली कोरी गाडी. तीस-चाळीस वर्षांनी अशीच एखादी गाडी गंजलेल्या अवस्थेत कोणाच्या तरी घराशेजारच्या गॅरेजमध्ये येते, मालक नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी ती उघडू लागतो आणि तिचे सगळे सांधे एकेक करून प्रकट होतात. या दुसऱ्या वाचनाचे ग्रंथ कोणते आणि ते वाचकाला काय शिकवतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चिकित्सेसाठी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार निवडली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथील कारखान्यात या गाडीची पाच लाखांहून अधिक नगे तयार झाली. दोन आसनांची, १७९८ सीसी इंजिनाची, रचनेने साधी आणि त्या काळी मध्यमवर्गाच्या आवाक्यातली अशी ही गाडी. तिचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात. त्यामुळे घरच्या घरी जुनी स्पोर्ट्स कार उभी करू पाहणाऱ्यांची ती आवडती गाडी ठरली, आणि तिच्याभोवती पुस्तकांचे एक छोटे दालनच तयार झाले. त्यातील चार पुस्तके येथे विचारात घेतली आहेत : हेन्स प्रकाशनाची दुरुस्ती-पुस्तिका, लिंडसे पोर्टर यांचे गाडीची खरेदी व घरगुती जीर्णोद्धार यांविषयीचे मार्गदर्शन, अँडर्स क्लॉसेगर यांचे 'ओरिजिनल एमजीबी', आणि रॉजर विल्यम्स यांचे गाडी 'सुधारण्या'विषयीचे पुस्तक. पहिले दुरुस्ती शिकवते, दुसरे जीर्णोद्धार, तिसरे मूलत्व आणि चौथे फेरफार. चौघांचा वाचक बहुधा एकच असतो, मात्र चौघांच्या मनातली गाडी एक नाही. या विसंगतीत बरेच काही दडलेले आहे.

आज्ञार्थाचे गद्य

हेन्स पुस्तिकेचा जन्मच एका स्पोर्ट्स कारच्या घरगुती दुरुस्तीतून झाला, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. जॉन हेन्स (१९३८–२०१९) यांनी शाळकरी वयात ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर स्वतःची छोटी स्पोर्ट्स कार बांधली आणि ती कशी बांधली याची पुस्तिका १९५६ साली स्वतःच छापून विकली. पुढे हवाई दलाच्या नोकरीत एडन येथे असताना एका सहकाऱ्याने मोडकळीला आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली आणि हेन्स यांची मदत मागितली. कारखान्याने दिलेली अधिकृत पुस्तिका सामान्य मालकासाठी लिहिलेलीच नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी गाडी उघडताना आणि पुन्हा जोडताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेतली, आणि १९६६ साली स्प्राइटची पहिली हेन्स पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या.

या घटनेचे सांस्कृतिक मोल मोठे आहे. अधिकृत पुस्तिकेचा गृहीत वाचक कारखान्याच्या सेवाकेंद्रातील प्रशिक्षित कारागीर होता. त्याच्याजवळ विशेष अवजारे होती आणि न कळलेले विचारायला शेजारी वस्ताद होता. हेन्स यांनी गृहीत धरलेल्या वाचकापाशी पान्यांचा एक संच, एक जॅक आणि रिकामा रविवार एवढेच होते. ज्ञानाची मालकी सेवाकेंद्राकडून घराकडे सरकली, ती अशी. आपल्याकडे यंत्रदुरुस्तीचे ज्ञान आजही बव्हंशी वस्तादाच्या हाताखाली राहून, बघत बघत आणि शिव्या खात मिळवावे लागते. ते लिहून काढून अनोळखी माणसाच्या हाती देणे ही कृती किती लोकशाहीवादी आहे, हे त्यामुळे मराठी वाचकाला चटकन पटेल.

मात्र या पुस्तिकेच्या गद्याचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. ते जवळजवळ संपूर्णपणे आज्ञार्थी आहे. क्रमांक घातलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक क्रियापद, आणि क्रियापदाचा कर्ता गाळलेला. सोबतच्या आकृत्यांमध्ये गिअरबॉक्सचे किंवा कार्बोरेटरचे सुटे भाग एका अदृश्य अक्षावर हवेत तरंगत ठेवलेले असतात. तिथे ग्रीस नसते, गंज नसतो, तुटलेला आटा नसतो. काळ त्या आकृतीत शिरतच नाही. आणि एखादा भाग काढण्याची कृती सांगून झाली, की तो परत बसवण्यासाठी हीच कृती उलट क्रमाने करावी, अशा आशयाची एक छोटी सूचना येते. हेन्सच्या वाचकांमध्ये ही सूचना विनोदाचा विषय झाली आहे, आणि तो विनोद अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. उकलणे आणि जोडणे या एकाच वाटेवरच्या दोन दिशा आहेत, जे निघाले तेच परत बसते, ही या गद्याची मूलभूत श्रद्धा होय. नव्या गाडीच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरते. पण वाचकाच्या हाती असते ती जुनी गाडी.

गंजाचे प्रकरण

एमजीबीला स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्डिंगने जोडून तयार झालेले कवच हाच तिचा सांगाडा. त्यातही उघड्या छताच्या गाडीत सर्वाधिक भार पेलतात ते दारांखालचे पोकळ लांबट पट्टे, म्हणजे सिल. बाहेरचा पत्रा, आतला उभा पडदा आणि खालची आधारपट्टी अशा तीन थरांचा हा भाग आतून गंजत जातो, आणि त्याचे पुढचे टोक मडगार्डच्या पत्र्याआड झाकलेले असल्यामुळे खरी अवस्था बाहेरून कळत नाही. तो कापून नवा बसवायचा तर आधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घ्यावा लागतो. नाहीतर वर छताचा आधार नसलेले कवच मधोमध दबते आणि नंतर दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, पुनःपुन्हा दार बसवून फट तपासायची, मग पुढचा टाका घालायचा.

या कामापुढे हेन्सचे आज्ञार्थी गद्य थबकते. सांगाड्याला मोठी इजा असेल तर ते काम व्यावसायिकाकडे सोपवावे, असाच या मालिकेतील पुस्तिकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. सल्ला म्हणून तो सुज्ञपणाचा आहे, यात शंका नाही. पण इंजिनाच्या प्रकरणांत शेवटच्या वॉशरपर्यंत जाणारे पुस्तक नेमके त्याच ठिकाणी मागे सरते, जिथे जुन्या गाडीचे मरण असते, याचीही नोंद घेतली पाहिजे. कारण उघड आहे. गंजलेला पत्रा काढणे म्हणजे त्याचा नाश करणे. तो उलट क्रमाने परत बसवता येत नाही. त्याच्या जागी जे बसते ते दुसरेच काहीतरी असते.

ही पोकळी पोर्टर यांच्या पुस्तकाने भरून काढली, आणि हेन्स समूहानेच ते प्रकाशित केले ही त्यातली बोलकी बाब होय. येथे भाषा बदलते. आज्ञेच्या जागी इशारा येतो, 'काढावे' याच्याऐवजी 'आधी पाहावे' असा सूर लागतो. छायाचित्रांतली गाडी स्वच्छ आकृती राहत नाही. ती भोके पडलेली, अर्धी कापलेली, विटांवर आणि स्टँडवर उभी असते. पुस्तकाचा पहिला भाग खरेदीविषयी आहे, म्हणजे वस्तुतः फसवणूक ओळखण्याविषयी. गंजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवून आणि पुट्टी भरून रंग दिलेली गाडी बाहेरून नव्यासारखी दिसते. आतला भार पेलणारा पडदा मात्र कुजलेलाच राहतो. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला हा प्रकार जगभर एकाच तऱ्हेने चालतो. चार पुस्तकांपैकी वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत जिवंत पुस्तक हेच, असे म्हणावेसे वाटते, कारण काळ या घटकाला त्यात जागा आहे. आधीच्या मालकाने काय केले, हा प्रश्न त्यात पानोपानी उभा राहतो आणि त्यामुळे गाडीला इतिहास प्राप्त होतो.

न घडलेल्या 'मूळ' रूपाकडे

क्लॉसेगर यांचे पुस्तक या इतिहासाला वेगळी शिस्त लावते. ते ब्रिटिश मोटार उद्योगाच्या वारसा-संस्थेचे अभिलेखपाल होते आणि त्यांच्या पद्धतीवर अभिलेखागाराचा ठसा स्पष्ट आहे. कोणत्या चॅसी-क्रमांकापासून कोणता बदल झाला, कोणत्या वर्षी कोणते रंग होते, आसनांची शिवण कशी होती, चाके कोणती होती, याची ही काटेकोर नोंद आहे. १९६४ च्या उत्तरार्धात इंजिनाच्या क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंगे तीनांची पाच झाली; १९६७ अखेरच्या दुसऱ्या मालिकेत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडण्याची जुनी पद्धत बदलून ऋण टोक जोडले जाऊ लागले. अशा तपशिलांतून 'मूळ एमजीबी' नावाची एकच गोष्ट कधी नव्हती, अठरा वर्षे सतत बदलत गेलेली एक मालिका होती, हे सिद्ध होते. लेखकाचा हेतू मूलत्वाचे रक्षण हा आहे. त्याची सामग्री मात्र मूलत्वाची कल्पनाच सैल करते. पुस्तकाची खरी ताकद या अनपेक्षित परिणामात आहे.

तथापि जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या व्यवहारात हे पुस्तक नेमके उलट्या रीतीने वाचले जाते. याचे ठळक उदाहरण बंपरचे. १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या सुरक्षानियमांसाठी एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि काळे, जाड पॉलियुरेथेनचे बंपर आले. दिव्यांच्या व बंपरच्या उंचीचे नियम पाळण्यासाठी गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली. रसिकांना हे रूप रुचले नाही. त्यामुळे १९७५ नंतरची गाडी घेऊन तिचे पुढचे-मागचे पत्रे कापायचे, क्रोम बंपर लावायचे आणि सस्पेन्शन खाली आणायचे, ही घरगुती जीर्णोद्धारातली एक नित्याची शस्त्रक्रिया झाली आहे. बघणाऱ्याला ती गाडी 'मूळ रूपात आणलेली' वाटते. वास्तविक त्या विशिष्ट गाडीने ते रूप कधीच धारण केलेले नव्हते. जी गाडी काळ्या बंपरसह जन्मली तिचे काळे बंपर हेच तिचे मूळ. त्यांना काढणे हा निखळ फेरफार होय. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुविद व्हिओले-ल-द्युक यांनी जीर्णोद्धाराची जी व्याख्या केली, तिच्यात पुनःस्थापित केलेली पूर्णावस्था पूर्वी कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नसेलही, याची कबुली आहे. क्रोम बंपर चढवलेली १९७६ ची एमजीबी हे त्या व्याख्येचे बिनचूक उदाहरण आहे.

मराठी अभ्यासकाला ही समस्या परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उपलब्ध हस्तलिखितांपैकी कोणत्याही एका पोथीशी तंतोतंत जुळत नाही. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोथ्यांची तुलना करून जी संहिता निश्चित केली, ती त्या अर्थी एक पुनर्रचना आहे. तीवर या अंगाने आक्षेपही घेतले गेले. परंतु तिचे समर्थन तिच्याच पानाच्या तळाशी आहे : गाळलेला प्रत्येक श्लोक, प्रत्येक पाठभेद, तो कोणत्या पोथीत आहे याच्या निर्देशासह तिथे नोंदलेला असतो. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची सोय त्या आवृत्तीतच आहे. जीर्णोद्धारित मोटारीला असा तळटीपांचा भाग नसतो. किंबहुना तो नसणे हेच तिचे कौशल्य मानले जाते. सांधा दिसता कामा नये, वेल्डिंगची रेघ घासून सपाट झाली पाहिजे, रंग एकजीव आला पाहिजे. बार्थ यांनी कोऱ्या गाडीत टिपलेला गुळगुळीतपणा येथे नैतिक अडचण बनतो, कारण या वेळी तो पूर्वीच्या निर्णयांवरही पांघरूण घालतो.

फेरफार : कारणांची भाषा

'मूळ'वाल्यांच्या गोटात फेरफार करणाऱ्यांची बाजू सहसा हलक्याने घेतली जाते. विल्यम्स यांचे पुस्तक मात्र त्याच्या वरवरच्या रचनेपेक्षा अधिक विचारप्रवर्तक आहे. त्यात रोव्हरचे ३.५ लिटर अॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन बसवण्यापासून ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स यांतील बदलांपर्यंतचे विवेचन आहे. शैलीदृष्ट्या पाहता, चारही पुस्तकांत 'का' या प्रश्नाला सर्वाधिक जागा हेच पुस्तक देते. हेन्सला कारण द्यावे लागत नाही, क्लॉसेगरना दिनांक पुरतो. बदल सुचवणाऱ्याला मात्र दर वेळी सांगावे लागते, की काय बिघडले होते, काय सुधारेल आणि त्याची किंमत कोणत्या दुसऱ्या भागाला मोजावी लागेल. इंजिन वाढवले तर ब्रेक वाढवावे लागतात, ब्रेक वाढवले तर चाके तपासावी लागतात. ही साखळी वाचकाला गाडी एकसंध वस्तू म्हणून समजावून देते, जे हेन्सच्या सुट्या प्रकरणांना जमत नाही.

शिवाय फेरफार ही बाहेरून आलेली भेसळ आहे, हा समजही इतिहासाला धरून नाही. व्ही-८ इंजिनाची कल्पना प्रथम केन कॉस्टेलो यांनी खासगीरीत्या राबवली. कारखान्याने नंतर स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली आणि १९७३ ते १९७६ मध्ये तिची २५९१ नगे बनवली. म्हणजे फेरफार आधी झाला आणि 'मूळ' मागून आले. दुसरीकडे, काही बदल मालकाच्या हौसेवर अवलंबूनच नसतात. १ जानेवारी २००० पासून ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण ते शिसे करत असे, तेव्हा अनेक मालकांनी सिलिंडर हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल तिथे सर्रास आले आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलण्याची पाळी आली. इंधन बदलले, रस्ते बदलले, वाहतुकीचा वेग बदलला. अशा स्थितीत काहीही न बदललेली गाडी ही १९६५ ची गाडी राहत नाही, ती आजच्या रस्त्यावरची एक अडचण होते. कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा चार गिअरच्या जागी फोर्डचा पाच गिअरचा संच बसवणारा मालक मूळ गाडीचा द्रोह करतो, असे म्हणणे म्हणूनच उथळ वाटते.

विल्यम्स यांच्या पद्धतीला एकच आक्षेप घ्यावासा वाटतो. परत मागे जाता येईल का, या प्रश्नाला त्यांच्या मांडणीत मध्यवर्ती स्थान नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन अर्ध्या तासात काढून जुना भाग परत लावता येतो. नव्या इंजिनासाठी कापलेला आतला पत्रा मात्र कापलेलाच राहतो. दोन्ही कृतींना 'सुधारणा' हे एकच नाव देणे चिकित्सक लेखनाला शोभत नाही.

श्रमाचा विसर

या चारही पुस्तकांत एक व्यक्ती जवळजवळ अदृश्य आहे, ती म्हणजे अॅबिंग्डनचा कामगार. कारखाना बंद करण्याचा निर्णय सप्टेंबर १९७९ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. ज्या हातांनी पाच लाख वेळा दार बसवून त्याची फट जुळवली ते हात निकामी ठरले, आणि लवकरच तेच काम, तीच फट, कोणा बँक-कर्मचाऱ्याचा किंवा शिक्षकाचा सुट्टीतला छंद झाले. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्याच साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी कवचे पुन्हा काढायला सुरुवात केली. साचे जपले गेले, भाग जपले गेले, पुस्तके लिहिली गेली. मूलत्वाच्या चर्चेत आसनाच्या शिवणीचा रंग वर्षवार सापडतो. ती शिवण घालणाऱ्यांविषयी मात्र या ग्रंथांना विशेष कुतूहल नाही. घरगुती जीर्णोद्धार हा श्रमाचा सन्मान आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. ते अंशतः मान्य करता येईल. पण गॅरेज असलेले घर, मोकळा वेळ आणि पदरचा पैसा ज्याच्यापाशी आहे त्याच्याच श्रमाचा तो सन्मान आहे, आणि या ग्रंथांच्या छायाचित्रांतला पाना धरणारा हात बहुधा पुरुषाचाच आहे.

नोंद आणि कायदा

नव्या कवचाने मूलत्वाचा प्रश्न पुस्तकांतून कायद्यात नेला. जुन्या एमजीबीचे इंजिन, आस, स्टिअरिंग सगळे नव्या कवचात बसवले तर ती जुनी गाडी की नवी? ब्रिटनच्या नोंदणी-यंत्रणेने यासाठी दीर्घकाळ एक पद्धत वापरली. पुनर्बांधणी केलेल्या गाडीचे मूळ कवच किंवा त्याच धर्तीचे नवे कवच आणि आणखी दोन प्रमुख मूळ भाग असतील तर तिचा जुना क्रमांक कायम राहत असे. मोठे फेरफार केलेल्या गाडीला मात्र किमान आठ गुण मिळवावे लागत, आणि त्यांपैकी पाच गुण फेरफार न केलेल्या कवचाला होते. परिणाम असा, की कारखान्यातून कालपरवा आलेले संपूर्ण नवे कवच 'मूळ' ठरे, आणि साठ वर्षे जुन्या कवचाचा एखादा भाग प्रामाणिकपणे कापून बदलणारा मालक आपल्या गाडीची ओळख गमावण्याच्या धोक्यात सापडे. चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तांत्रिक तपासणीतून जी सूट मिळाली, तीही गाडीत गेल्या तीस वर्षांत 'मोठा बदल' झालेला नसावा, या अटीवर. जिथे मूलत्वाला सवलत आणि बाजारभाव असतो, तिथे बदल लपवण्याकडे कल होणारच. पुट्टीखालचा कुजलेला सिल आणि कागदोपत्री 'मूळ' म्हणवणारी गाडी, ही एकाच व्यवस्थेची दोन फळे आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनने हे धोरण बदलले. मूळ बनावटीनुसार केलेल्या दुरुस्तीविषयी कळवण्याची गरज उरली नाही. सांगाड्यात मोठा बदल केलेली गाडीही, तो बदल कळवला असता, आपला जुना क्रमांक आणि इतिहास राखू शकते. आपल्या महसुली व्यवहारात 'फेरफार' हा शब्द ज्या अर्थाने येतो त्याच्याशी या बदलाचे नाते लक्षणीय आहे. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, तिचा क्रमांक सातबाऱ्यावर चढतो, आणि जमीन तीच राहूनही तिच्या हक्कांत झालेला प्रत्येक बदल मागे जाऊन वाचता येतो. फेरफार म्हणजे भ्रष्टता नव्हे, तर नोंदलेले स्थित्यंतर, हा अर्थ मराठीत आधीपासून नांदतो आहे. नव्या ब्रिटिश धोरणाने त्याचा अर्धा भाग स्वीकारला. उरलेला अर्धा, म्हणजे 'जसेच्या तसे' बदललेल्या पत्र्याची नोंद, त्याने सोडून दिला. वस्तुतः दिसणाऱ्या फेरफारापेक्षा न दिसणाऱ्या जीर्णोद्धाराचीच नोंद अधिक आवश्यक असते. या बाबतीत ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद अधिक सजग आहे. वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तयार झालेली ही सनद कामाच्या दस्तऐवजीकरणाचा आग्रह धरते आणि बदललेल्या भागांवर डोळ्यांना न खुपणारी पण कायमची खूण असावी, असे सुचवते.

भारतात १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. अशा गाडीच्या क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पात्रतेची अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चॅसी, कवच किंवा इंजिन यांतील फेरफारासह त्याचे कोणतेही मोठे नूतनीकरण झालेले नसावे. मुंबई-पुण्यात एखाद्याने जुनी एमजीबी आणून तिचे दोन्ही सिल कापले, दाराच्या चौकटीला आधार देऊन नवे बसवले, प्रत्येक टप्प्याची दिनांकासह छायाचित्रे ठेवली, तर या अटीच्या दृष्टीने त्याने गाडी राखली की बदलली? सिलवर नुसता पत्रा चढवून रंग मारणाऱ्या दुसऱ्या मालकाला हा प्रश्न पडणारच नाही, कारण त्याच्या गाडीत विचारण्यासारखे काही दिसणार नाही. पहिल्या मालकाच्या छायाचित्रांना या तपासणीत पुरावा म्हणून कोणते मोल द्यायचे, याचा खुलासा त्या अटीच्या शब्दांत नाही.